आन्सेल्मोची पिशवी

सुट्टीवर असूनही आन्सेल्मोनं लागोपाठ तिसऱ्या सकाळी दाढी केली, तेव्हा बेनिताच्या मनात पाल चुकचुकली. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हा माणूस रविवारखेरीज गालाला वस्तरा लावत नव्हता. आणि इथे पोर्तुगालात, कोइंब्राच्या हॉटेलात आरशासमोर उभा राहून चक्क शीळ घालत होता.

"कुठे निघालास?" तिनं विचारलं.

"टायरात हवा कमी वाटते. बघून येतो."

"सलामांकातही हवाच बघायला गेला होतास."

"गाडीला चार टायर असतात, बेनिता."

एवढं बोलून तो कापडी पिशवी छातीशी धरून बाहेर पडला. बेनितानं गॅलरीतून पाहिलं. दगडी उतारावरून तो नवव्या महिन्यातल्या बाईसारखा एकेक पाऊल जपून टाकत होता. हवा बघायला पिशवी कशाला लागते, हा प्रश्न कुठल्याही बायकोला पडला असता. गाडी विरुद्ध दिशेला लावली होती, हे तर तिला नंतर आठवलं.

खरं तर हा प्रवास म्हणजे पोरीनं केलेली हद्दपारी होती. सप्टेंबरात इनेसचं लग्न. आईबाप घरात राहिले तर लग्नाआधी आपल्यालाच वेड लागेल, हे ओळखून तिनं दोघांना सलामांका, कोइंब्रा, लिस्बन, एव्हरा, कासेरेस अशी सहल भेट दिली आणि स्पेनमधलं सामोराचं घर मोकळं करून घेतलं. लग्न होतं नवऱ्यामुलाच्या काकाच्या द्राक्षमळ्यात, मोकळ्या आकाशाखाली, आणि लावणार होते गावचे महापौर. चर्च नाही, पाद्री नाही, घंटा नाही.

आन्सेल्मोला आनंदाचं भरतं आलं होतं. तो जुना युनियनवाला. मयतालासुद्धा चर्चची पायरी चढायचा नाही, बाहेर बाप्यांबरोबर सिगारेट ओढत उभा राहायचा. बेनिता मात्र आधी रडली, मग रुसली आणि शेवटी कामाला लागली. त्या मळ्याला लागून एक छोटंसं चर्च होतं. आसपास छप्पर म्हणावं तर तेवढंच. तिचा चुलतभाऊ फादर फेर्मीन जेवणाला येणारच होता. त्या दिवशी फक्त एक सर यायला हवी होती. सगळं वऱ्हाड पळत चर्चमध्ये शिरलं असतं आणि एकदा आत शिरलं की पुढचं देव बघून घेणार होता.

म्हणून ती जाईल त्या गावात चर्च गाठून पावसासाठी मेणबत्त्या लावत होती. कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. प्रार्थनासुद्धा अगदी कुजबुजत करायची. फक्त अलीकडे तिच्या कानांनी थोडा दगा दिला होता, त्यामुळे तिचं कुजबुजणं तीन बाकांपलीकडे ऐकू जायचं. हे तिला सांगायचा धीर घरात कोणालाच झाला नव्हता. श्रद्धा मात्र पक्की. भर ऑगस्टच्या उन्हात ती छत्री घेऊन हिंडत होती.

आन्सेल्मो तासाभरानं परतला तो रिकामी पिशवी घेऊन आणि चेहऱ्यावर समाधान घेऊन. बेनितानं त्याचा कोट खुंटीला लावताना बाहीवरची गवताची काडी टिपली आणि न्हाणीघरात जाऊन बहिणीला फोन लावला.

"गवत?" लेओनोर म्हणाली. ती दोनदा विधवा झाली होती आणि पुरुष या विषयावर तिचा शब्द अखेरचा असे. "म्हणजे गावाबाहेरची असणार."

"परदेशात कुठून ओळख काढली असेल गं त्यानं? त्याला पोर्तुगीजही येत नाही. नुसता मोठ्यानं स्पॅनिश बोलतो."

"त्याला काय बोलावं लागतं? तू आधी पिशवीत काय आहे ते बघ."

ती संधी लिस्बनमध्ये आली. चढावर जाणाऱ्या ट्राममध्ये एकच जागा रिकामी झाली. आन्सेल्मोनं बायकोला बसवायचं सोडून तिथे पिशवी ठेवली आणि तिच्यावर पंख पसरलेल्या कोंबडीसारखा ओणवा उभा राहिला. बेनिताच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी उभी आणि पिशवी बसलेली?" असं म्हणून ती धपकन पिशवीवरच बसली.

आवाज फार मोठा झाला नाही. पण आन्सेल्मोचा चेहरा असा उतरला की समोरची पोर्तुगीज म्हातारी त्याला जागा द्यायला उठली. बेनिताच्या स्कर्टमधून पिवळा ओघळ ट्रामच्या फरशीवर आला.

"अंडी?" बेनितानं विचारलं.

"नाश्त्याला घेतली होती."

"नाश्ता हॉटेलात मिळतो."

"त्यांची अंडी मला पचत नाहीत," आन्सेल्मो म्हणाला आणि खिडकीबाहेर नदी बघू लागला.

कपडे बदलून ती जवळच्या चर्चमध्ये गेली. त्या दिवशी तिनं पावसाबरोबर नवऱ्याचाही विषय काढला, त्यामुळे कुजबुज जरा जास्तच चढली. वळून पाहते तर दारात आन्सेल्मो. चर्चच्या उंबऱ्याच्या आत, टोपी हातात घेऊन.

"कधीपासून उभा आहेस?"

"आत्ताच आलो. गार आहे इथे," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

छत्तीस वर्षांत जो चर्चमध्ये आला नाही, तो गारव्यासाठी आला यावर तिचा विश्वास बसला नाही. अपराधी माणसालाच देवाघरची सावली हवी असते, असं तिला वाटलं. लेओनोरनं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

"अंडी म्हणजे प्रकरण पुढे गेलंय. नुसत्या ओळखीला फुलं नेतात. अंडी नेली म्हणजे बाईचं घर आहे, चूल आहे, तो तिथे बसून ऑम्लेट खातो. उद्या त्याच्या मागे जा."

"आणि सापडली तर?"

"छत्री आहे ना तुझ्याकडे?"

एव्हरात दुपारी सगळं गाव झोपलं तेव्हा आन्सेल्मो पुन्हा हवा बघायला निघाला. बेनिता गवती टोपी डोळ्यांवर ओढून मागे. कोपऱ्यावरच्या दुकानात त्यानं मोठ्या आवाजातल्या स्पॅनिशमध्ये अंडी घेतली, एकेक उन्हात धरून तपासून पिशवीतल्या गवतावर ठेवली. घरी हा माणूस फुटकी अंडी आणायचा. परक्या बाईसाठी कसा पारखून घेतोय बघा. तिला संतापापेक्षा रडूच जास्त येत होतं. पोरगी सासरी गेल्यावर घरात दोघंच उरणार होते, आणि आता तेही राहणार की नाही, हाच विचार तिला त्या पांढऱ्या भिंतींच्या गल्लीतून पुढे ढकलत होता.

आन्सेल्मो एका जुन्या दारातून आत शिरला. बेनिता दाराआड उभी राहिली.

"आवे मारिया पुरिसिमा," आतून एका बाईचा गोड आवाज आला, तोही स्पॅनिशमध्ये. वर मारियामातेचं नाव!

"दुपार बरी जावो," आन्सेल्मो म्हणाला. "हे बघा, ही गोष्ट कोणाला कळता कामा नये. माझ्या बायकोला तर मुळीच नाही."

"इथली गोष्ट इथेच राहते."

"सलामांकावालीही हेच म्हणाली."

"सलामांकातही जाऊन आलात?"

"सलामांका झालं, कोइंब्रा झालं. लिस्बनचंही व्हायचं होतं, पण बायको पिशवीवर बसली."

गावोगावी एकेक. बेनितानं छत्री मुठीत आवळली आणि आत पाऊल टाकलं. पण आत बाई नव्हतीच. आन्सेल्मो एकटाच भिंतीशी बोलत होता. भिंतीत लाकडी फिरतं कपाट होतं, मठातल्या नन कोणाला तोंड न दाखवता ज्यातून मिठाया विकतात तसलं. त्यात तो एकेक अंडं बाळासारखं निजवत होता. बेनिता दोन पावलं मागे सरकली.

लग्नाच्या दिवशी ऊन हवं असेल तर सांता क्लाराच्या नन्सना अंडी द्यायची, हे सामोरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुसऱ्या कोणाच्या हातात अंडी दिसती तर बेनितानं तेव्हाच ओळखलं असतं. पण आन्सेल्मो आणि मठ ही जोडी तिच्या डोक्यात कधी बसलीच नसती. शिवाय या उन्हाळ्यात तिनं स्वतःच सांता क्लाराचं नाव टाकलं होतं. कोर्टात समोरच्याच्या वकिलाला चुकवतात तसं.

"सिस्टर, आधीच सांगतो, मी तुमच्या देवाला मानत नाही," आन्सेल्मो म्हणत होता. "पण पोरीला मोकळ्या आकाशाखाली लग्न करायचंय. आणि माझी बायको दिसेल त्या चर्चमध्ये पावसासाठी मेणबत्त्या लावत सुटलीय."

"तुम्हाला तिनं सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तिचं कुजबुजणं रस्त्यावर ऐकू येतं."

"मग तिच्याशीच का नाही बोलत?"

आन्सेल्मोनं हातातलं अंडं उलटसुलट फिरवलं. "छत्तीस वर्षं तिच्या मेणबत्त्यांना हसलो, सिस्टर. आता अंडी घेऊन मठात फिरतोय, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

कपाट कुरकुरत फिरलं आणि अंडी आत गेली. बेनिता टोपी सावरत गल्लीतून पळाली. चौकात कारंज्यापाशी बसून ती आधी पोट धरून हसली आणि मग रुमालात तोंड खुपसून रडली. बाई शोधायला गेली होती आणि नवरा सापडला होता. तिनं तिथेच ठरवलं, पावसाचा नाद सोडायचा. पोरीला आकाश हवं, बापाला आकाश हवं, तर आपणच कशाला आडवं जायचं?

त्या संध्याकाळपासून ती इतकी गोड वागू लागली की आन्सेल्मोला धडकी भरली. तिनं त्याच्यासाठी गोड पदार्थ मागवला, त्याच्या कोटाची गुंडी शिवली. टायरांची चौकशीही केली नाही. कासेरेसमध्ये भलंमोठं चर्च समोर असताना ती सरळ पुढे चालू लागली.

"आत नाही जायचं?" आन्सेल्मोनं विचारलं.

"नको. ऊन किती छान पडलंय."

आन्सेल्मोनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "काय लपवतेस माझ्यापासून?"

"मी? मी काय लपवणार?"

"मग मेणबत्ती लाव की एखादी. मी थांबतो बाहेर."

"मन नाही रे लागत हल्ली," ती म्हणाली. दुसऱ्या सकाळी त्यानं दाढी केली नाही.

सामोराला परतल्यावर बेनितानं बाजारातून सगळ्यात मोठी अंडी घेतली आणि थेट गावातला मठ गाठला. इतके दिवस देवाकडे उलटं मागितलं होतं, त्याची भरपाई करायलाच हवी होती.

"आवे मारिया पुरिसिमा," कपाटामागून आवाज आला.

"माझ्या इनेसचं लग्न आहे, सिस्टर. पाऊस नको."

कपाट फिरलं नाही. "द्राक्षमळ्यातलं लग्न का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"सकाळीच एक गृहस्थ आले होते. म्हणाले, तीन मठांत उन्हासाठी अंडी दिली ती चूक झाली. आता थोडा पाऊस पडू दे. बायकोनं मेणबत्त्या लावायचं सोडलंय, ते मला बघवत नाही."

बेनिता कपाटाला तोंड लावून वाकली. "दाढी केली होती का त्यांनी?"

"कपाटातून दाढी दिसत नाही, बाई."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आमच्याकडे फक्त ऊन मिळतं. आणि नवरा-बायकोनं आधी घरी एकमत करावं, मग वर मागावं. पण ते अंडी ठेवून पळाले. तुमचीही ठेवा आता. वाया जायची नाहीत."

घरी आल्यावर दोघंही एकमेकांशी हवापाण्यावर एक अक्षर बोलले नाहीत.

लग्नाच्या दिवशी आकाशात औषधालाही ढग नव्हता. ऊन असं तापलं की महापौरांच्या हातातला कागद घामानं ओलाचिंब झाला आणि इनेसच्या गालावरचा रंग मानेपर्यंत आला. आन्सेल्मोनं एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"पोरीला चक्कर येईल," तो मोठ्यानं म्हणाला. "सगळ्यांनी चर्चमध्ये चला. गार असतं आत. मी पाहिलंय."

"काही नको," बेनिता उसळली. "तिला मोकळ्यावर करायचंय, मोकळ्यावरच होईल."

"अगं, छप्पर आहे, फेर्मीन आहे, घंटाही आहे."

"घंटेचं कौतुक तुला कधीपासून?"

"आणि तुला उन्हाचं?"

सगळं वऱ्हाड तोंडात बोटं घालून बघत राहिलं. फादर फेर्मीननं जेवणाच्या मेजाकडे जाता जाता पाय मागे घेतला. इनेसनं फुलांचा गुच्छ नवऱ्यामुलाच्या हातात कोंबला आणि डोळे बारीक करून आईबापांसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही दोघांनी त्या प्रवासात नक्की काय केलंत?"

"गावं बघितली," आन्सेल्मो म्हणाला.

"फार सुंदर आहेत," बेनिता म्हणाली.

तेवढ्यात मळ्याच्या फाटकातून एक छोटी गाडी आली. चालकानं एकावर एक रचलेले मिठाईचे खोके उतरवायला सुरुवात केली. मेज भरलं तरी खोके संपेनात. सगळे अंड्याच्या बलकाच्या पेढ्यांचे, आणि प्रत्येकावर सांता क्लाराच्या मठाचं चित्र.

"एवढी मिठाई? आपण तर मठात काही सांगितलंच नव्हतं," इनेस म्हणाली. "कोणी मागवली ही?"

बेनिता आणि आन्सेल्मो, दोघांनीही एकाच वेळी मान वर करून आकाशाकडे पाहिलं. मग बेनितानं उन्हाळाभर वागवलेली छत्री उघडली आणि नवऱ्याच्या डोक्यावर धरली.