बुधवारची पट्टी

किसनराव खिल्लारे जयभीम घालायला हात जोडत, तेव्हा ते दोन हात एकाच माणसाचे वाटत नसत. डावा मनगटापर्यंत पिवळा, उजवा कोपरापर्यंत काळा. हिंगोलीत आमच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी त्यांना कातडीच्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला. खिल्लाऱ्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि बाईंच्या दोरीवरच्या चादरीकडे बोट दाखवलं.

"ताई, माझं ऱ्हाऊ द्या. त्या चादरीचा रंग दिवाळी बघनार न्हाई."

चादर दसऱ्यालाच विटली. तेव्हापासून बाई त्यांनाच डॉक्टर म्हणू लागल्या.

ते वीज खात्यात वायरमन होते. हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षी निवृत्त झाले. बायको आदल्या वर्षी गेली होती, मुलगा पुण्याला नोकरीला. निवृत्त वायरमन सहसा पंखे दुरुस्त करतात. खिल्लारे पट्ट्या विणायला शिकू लागले.

शिकवणाऱ्या होत्या पुसेगावच्या रहिमतबी. वय सत्तरीचं. त्यांच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या गळ्यातल्या सुती पट्ट्या विणत. नायलॉन आलं, तसं ते काम घरात एकट्या त्यांच्यापाशी उरलं. मुलं-सुना दिवसभर शेतात. नोकरीत असताना त्यांच्या दारासमोरच्या खांबावर चढून खिल्लारे वरून त्यांचं विणणं बघत. "तारा वडायचं काम आमी बी केलं," ते सांगत, "पन त्या बाईच्या तारा कधी लोंबल्या न्हाईत."

रहिमतबींनी दोन अटी घातल्या. पहिली, धागा स्वतः रंगवून आणायचा, आणि रंग रानातून नाहीतर घरातून गोळा केलेला हवा. बाजारातली पुडी चालणार नाही. दुसरी अट अशी, की नऊ हात लांब पट्टी विणायची आणि तीत त्यांना एकही खोट सापडता कामा नये. "त्या दिवशी तुमचं शिकनं खतम. मंग इकडं यायची तकलीफ न्हाई." दर बुधवारी सकाळच्या एसटीने जायचं आणि संध्याकाळी परतायचं, असं ठरलं.

पहिला धागा त्यांनी हळदीत रंगवला. हिंगोलीचा माणूस दुसरं काय करणार? रहिमतबींनी तो आठ दिवस उन्हात टाकला. पुढच्या बुधवारी धागा भाताच्या पेजेच्या रंगाचा झाला होता.

"आपा, हिंगोलीची हळद हाय ती!"

"आसंल. वरनात घाला."

मग पळस आला. फाल्गुनात पुसेगावच्या वाटेवर झाडांखाली फुलांचा सडा दिसला की खिल्लारे एसटीत उभे राहत. कंडक्टर ओरडे, "खिल्लारे, आज गाडी थांबनार न्हाई हां!" आणि गाडी थांबे, कारण ड्रायव्हरच्या घरचं वायरिंग खिल्लाऱ्यांनी केलं होतं. बसस्टँडवरच्या रसवाल्याकडून ते डाळिंबाची सालं आणत. बाभळीच्या शेंगांवरून शेळ्यांशी त्यांचं वैर होतं. "ते जनावर हाय, त्याला कळत न्हाई," असं ते समजूतदारपणे म्हणत आणि ढेकूळ मारत.

काळा रंग मात्र गल्लीला सोसवला नाही. गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी एका मडक्यात घालून त्यांनी ते तीन आठवडे झाकून ठेवलं. गटार तुंबलं असं समजून आम्ही तक्रार केली. माणसं आली, गटार उपसून गेली, वास होता तिथेच होता. अखेर मडकं सापडलं. ते हलवा म्हटल्यावर खिल्लारे दारात आडवे झाले.

"आता काहून हलवता? सतरावा दिवस हाय. चार रोज नाक दाबून बसा!"

विणण्यासाठी त्यांना कंबरेला ताण देणारा पट्टा हवा होता. खांबावर चढताना बांधायचा जुना पट्टा त्यांनी बाहेर काढला. उभ्या धाग्यांचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं त्या पट्ट्याला. एकदा बांधून बसले की उठता येत नसे. दार वाजलं की आतून आवाज येई, "ढकला दार! मी लाईनवर हाय."

धागा तुटला की ते म्हणत, "फेज गेली." आणि मग तार जोडतात तसा धागा जोडत, पीळ देऊन, वर वेढे घेऊन. त्या जोडाची गव्हाच्या दाण्याएवढी गाठ होई. रहिमतबी डोळे मिटून पट्टी अंगठ्याखालून सरकवत आणि नेमक्या तिथे थांबत.

"हे काय?"

"जॉइंट हाय, आपा."

"बैलाच्या गळ्यात बांधायचंय का खांबाला?"

पट्टी नापास. नवा धागा जुन्याच्या बाजूने विणत न्यायचा आणि टोक आत जिरवायचं, हे त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. वर्ष गेलं, दुसरं गेलं. बुधवारी संध्याकाळी खिल्लारे गल्लीत शिरले की कोणीतरी विचारी, "डॉक्टर, पास झाले का?"

"न्हाई बा. एक गाठ निघाली."

हे सांगताना त्यांचा चेहरा शाळेला सुट्टी लागलेल्या पोरासारखा असे.

मी तेव्हा एका दैनिकात होतो. या शिक्षणावर चार ओळी लिहाव्या म्हणून त्यांच्या घरी गेलो. मच्छरदाणी पट्टीने बांधलेली, अंथरुणाची वळकटी पट्टीने बांधलेली, वीजबिलांचा गठ्ठासुद्धा. काळ्यावर पळसाची पिवळी रेघ, कडा सरळ. हाताशी आल्या तेवढ्या पट्ट्या मी अंगठ्याखालून सरकवून पाहिल्या. एकीतही गाठ नव्हती.

"यातली एखादी का नेत नाही?"

"त्या घरच्या हायेत," खिल्लारे म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

पुढच्या बुधवारी मी त्यांच्याबरोबर पुसेगावला गेलो. रहिमतबी ओट्यावर बसल्या होत्या. खिल्लाऱ्यांनी पट्टी पुढे केली. रहिमतबींनी डोळे मिटले. पाच हातांपर्यंत अंगठा सरळ गेला. सहाव्याला थांबला.

"गाठ."

"नजरचूक झाली, आपा."

"पुढल्या बुधवारी परत."

"परत," खिल्लारे म्हणाले आणि सवयीने घागर उचलून हापशावर गेले.

मी गाठ पाहायला मागितली. रहिमतबींनी ती नखाने उकलली आणि धाग्याची टोकं माझ्यापुढे धरली.

"तुटल्या धाग्याचं टोक पिंजतं, साहेब. हे बघा. कात्रीनं कापलेलं हाय."

टोकं स्वच्छ, सरळ होती. धागा तुटलाच नव्हता.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दोन पोळे झाले."

"मग पास का करत नाही?"

त्यांनी हापशाकडे पाहिलं. खिल्लारे दांडा मारत होते, पाठ आमच्याकडे.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "लेकरं रानात जातात ते दिवस बुडाल्यावर येतात. बुधवारी मी भाकरी दोघांच्या थापते. बाकीच्या दिवशी कोंबड्यांशी बोलून राहिली."

बातमीत मी लिहिलं, की शिक्षण अजून सुरू आहे. त्यात काही खोटं नव्हतं.

खिल्लारे घागर घेऊन आले. आम्ही तिघं जेवलो. मिरच्या जास्त झाल्या यावरून दोघांचं भांडण झालं, ते दर बुधवारी होत असावं. निघायच्या वेळी रहिमतबींनी आतून पांढऱ्या सुताच्या लडी आणून ओट्यावर ठेवल्या. परत आत गेल्या, आणखी आणल्या. पिशवी भरली तरी अर्ध्या बाहेर राहिल्या.

"आपा, एका पट्टीला एवढं सूत?"

"तुमचा हात कच्चा हाय अजून. लागंल."

खिल्लाऱ्यांनी पिशवी रिकामी केली आणि लडी एकीवर एक दाबून पुन्हा भरायला घेतल्या. एकही मागे ठेवली नाही.

"व्हय," ते म्हणाले. "लागंल."