नऊ खड्यांची मशीन

जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीतर्फे लिंबूशरबत वाटायचं ठरलं. महिला मंडळात कोणीतरी विचारलं, "बर्फ कोण आणन?" आणि मी हात वर केला. मी कधी हात वर करत नाही. (कॉलेजात माझी हजेरीसुद्धा मैत्रीणच द्यायची.) पण लग्न होऊन दारव्ह्यात येऊन आठच महिने झाले होते, भावानं आहेरात दिलेली बर्फाची छोटी मशीन ओट्यावर नुसती बसून होती, आणि मला वाटलं, सासरी आता आपलंही थोडं नाव होईल.

सासूबाईंनी, म्हणजे कांताबाईंनी, तिथंच जाहीर केलं, "आमची सून बी.एस्सी. आहे. बर्फाचं टेन्शन घेऊच नका."

ते सगळं टेन्शन मी घेतलं.

चौदा एप्रिलला दुपारी तीनला मशीन लावली. ती घुरघुरली, मी दचकले. (मी कुकरच्या शिट्टीला दचकते, तीही शिट्ट्या मोजत असताना.) पाच मिनिटांनी बाजूच्या जाळीला हात लावला तर गरमागरम वाफारा! बाहेर त्रेचाळीस डिग्री, बिचारी मशीन तापणारच. आपण माठाला ओलं बारदान गुंडाळतोच की. मी तेच केलं. बाष्पीभवन! मशीनला सगळीकडून ओलं बारदान घट्ट गुंडाळलं, वरून सुतळी बांधली आणि समाधानानं लिंबं कापायला बसले.

अर्ध्या तासानं झाकण उघडलं. आत पाणी, तेही कोमट. लाल दिवा लुकलुकत होता.

हेल्पलाइन लावली. पलीकडच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, रूम टेंपरेचर?"

"त्रेचाळीस."

"फॅरनहाइट?"

मी फोन ठेवला. नवऱ्याला, संघदीपला लावला. तो मिरवणुकीत ढोलाशेजारी होता. मी ओरडले, "मशीन बिघडली!" तो ओरडला, "हो, मस्त चालू आहे, तूही ये!"

मी रडायच्या बेतात असताना सासूबाई आत आल्या. मशीनकडे पाहून थबकल्या.

"हे काय करून राह्यली व माय?"

"थंड करतेय. बाष्पीभवन."

"अव, तिची जाळी काहून बांधली? तिथून ते गरम हवा फेकते ना! तुह्यं नाक-तोंड बांधून तुले काम सांगतलं तर करशीन का? आन् वल्लं बारदान लायटीच्या मशीनले? आधी ते बटन बंद कर!"

ओलं बारदान, लाइट आणि मी असे तिघं एकत्र आहोत, हे मला तेव्हा कळलं. मी स्टुलावर चढले. बटण सासूबाईंनीच बंद केलं.

मशीन पुसली, वाळवली, पुन्हा लावली. वीस मिनिटांनी खडखडाट करत बर्फाचे नऊ खडे पडले. नऊच. मी ते वाडग्यात काढले तोच मशीन पुन्हा खडखडली, माझ्या हातातला वाडगा उडाला आणि ते नऊही फरशीवर गेले. वेचेपर्यंत चार उरले. तेवढ्यात ढोल कोपऱ्यावर आले.

चार खडे मुठीत घेऊन स्टॉलवर पोचले, तर मूठ उघडल्यावर त्यात फक्त पाणी. आणि लोक शरबत पिऊन "वा, काय थंडगार!" म्हणत होते. सासूबाईंनी आदल्या दिवशीच चार माठ भरून ठेवले होते. (माझ्यावर पूर्ण विश्वास असूनही.)

"एवढं थंड कायनं झालं?" मंडळाच्या सत्यभामाकाकूंनी विचारलं.

सासूबाईंनी डोळ्याची पापणीही न लववता सांगितलं, "सूनबाईची मशीन!"

मला इतकं भरून आलं की काय सांगू. तोवर काकू म्हणाल्या, "मंग माह्या पोरीच्या लग्नाले बर्फ हिच्याकडूनच. तीनशे माणूस आहे."

मी मनातल्या मनात तीनशेला नवानं भागू लागले. सासूबाईंनी मला बाजूला घेतलं.

"भेऊ नको. माठ मी आणखी घेतो. मशीन लग्नात मांडवात दाखवाले ठेवू, तू बाजूले नवी साडी नेसून उभी राह्य." मी डोळे पुसले. त्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "फक्त तिले हात लावू नको."