स्नेहलची जर्मन पहाट

स्नेहल नर्सिंग झालेली. जर्मनीतल्या एका दवाखान्यात नोकरी मिळत होती, फक्त तोंडी परीक्षा तेवढी आडवी आली होती. परीक्षेत आपला रोजचा दिनक्रम जर्मनमध्ये सांगायचा. नारायणगावच्या क्लासमधल्या सरांनी सगळ्या मुलींना एकच उत्तर घोटायला दिलं होतं. आळे गावातल्या घरी ओट्यावर बसून ती मोठ्याने म्हणू लागली, "इश श्टेहे फ्रू आउफ. इश गेहे जॉगन."

"म्हंजी काय गं?" चिमाआत्याने लसूण सोलता सोलता विचारलं.

"मी लवकर उठते. पळायला जाते."

आत्याचा हात थांबला. "तू? अगं, उन्हं अंगाव आली तरी तुझी गोधडी हालत न्हाई!"

"आत्या, परीक्षेपुरतं असतंय ते."

"परीक्षेपुरतं? साधी सोयरीक ठरवायची तरी मानसं गुपचूप गावात येऊन इचारून जात्यात. हे तर दुसरं राष्ट्र! पार टपरीवर चौकशी करत्याल. खोटं निघालं की मोडलंच!"

स्नेहलचे वडील भगवंतराव, त्यांना हे पटलं. भावकीतली एक सोयरीक टपरीवरच्या एका वाक्यानेच मोडली होती. दुसऱ्या दिवशी अंधारातच त्यांनी लेकीची गोधडी ओढली.

आता आळे गावात पहाटे पळायचं म्हणजे दोन्हीकडे ऊस, आणि उसात बिबट्या. पोरगी एकटी कशी सोडणार? म्हणून मागे वडील, काठी घेऊन. त्यांच्यामागे चुलता गोरख, थाळी बडवत. थाळीने उठलेली कुत्री त्याच्यामागे.

"घरी ऱ्हाईल त्येला बिबट्या गाठंल, राव!" अशी गोरखने हवा केली आणि निम्मं गाव पळू लागलं. बिबट्याने म्हणे कंटाळून तालुकाच बदलला. शेजारच्या आंबेगाव तालुक्याने तशी तक्रारही केली.

परीक्षा व्हिडिओ कॉलवर होती. समोरच्या जर्मन बाई जांभई दाबत होत्या. सकाळपासून झाडून साऱ्या मुली त्यांच्यापुढे लवकर उठून पळायला गेल्या होत्या.

"एकटीच पळतेस?" बाईंनी त्यांच्या भाषेत सहज विचारलं.

हे सरांच्या उत्तरात नव्हतं. नोकरी गेलीच, असं स्नेहलला वाटलं. मग शब्दाला शब्द जोडत तिने जसं होतं तसं सांगून टाकलं. मागे वडील, काठी. मग काका, थाळी. मग कुत्री. मग गाव.

"वारूम?" बाईंनी विचारलं. का?

"लेओपार्ड."

जांभई अर्ध्यावरच राहिली. वेळ संपली तरी बाई विचारतच राहिल्या. स्नेहल पहिली आली.

सर हुशार. पुढच्या तुकडीला त्यांनी हेच उत्तर घोटायला दिलं आणि त्या जोरावर पुण्यातही क्लास काढला. आता तिथल्या उंच उंच इमारतींतल्या मुलीसुद्धा ठणकावून सांगतात की माझ्यामागे वडील पळतात. इकडची मुलगी बापाशिवाय धावतच नाही, असा तिकडे पक्का समज झालाय.

स्नेहलच्या नेमणुकीचा फोन आला तेव्हा दवाखान्याने आदराने विचारलं, "वडिलांची खोली तुमच्या शेजारीच ठेवू ना?"

तिने फोनवर हात ठेवून बापाला सांगितलं. भगवंतराव गंभीर झाले.

"इचार त्यांना," ते म्हणाले, "काठी तिकडं मिळती, का हितनंच आनू?"