मेहुण्याने चढवलेल्या तारा

चष्मेवाल्यांचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. बोटांचे सांधे आखडल्यामुळे वाजवणं कायमचं बंद झालं, म्हणून त्यांनी आपली जुनी गिटार विकायला काढली होती, तीही काळजावर दगड ठेवून. जिवापाड जपलेली वस्तू होती. उन्हाळ्यात लाकडाला भेग पडू नये म्हणून तिच्या पेटीत ओल्या स्पंजचा तुकडा असायचा. आता त्यांची एकच इच्छा होती, ती वाजवणाऱ्याच्या घरी जावी. आणि गिऱ्हाइकं येत होती एकेक नमुनेदार!

"हॉटेलच्या भिंतीवर लावायचीय," पहिला म्हणाला. "मधोमध खिळा ठोकला तर चालेल ना?"

"स्वतःच्या डोक्यात ठोका!" म्हणत चष्मेवाल्यांनी दार उघडून धरलं.

दुसऱ्याने सोफ्याच्या कापडाचा तुकडा आणला होता आणि गिटारचा रंग त्याला जुळतो का ते बघत होता. त्याला तर पाणीसुद्धा मिळालं नाही.

"अहो, विकायचीय की नाही तुम्हाला?" बायको वैतागली.

"विकायचीय. फेकून द्यायची नाहीये!"

मग दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांनी किमतीआधी विचारलं, "शेवटची कधी वाजवली होती?" चष्मेवाले इतके खूश झाले, की बाई येण्याआधी दाढी करायला गेले.

नेमका तेव्हाच मेहुणा टपकला. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मदत करण्याची त्याला दांडगी हौस होती. बहिणीने त्याच्या हाती पेटीची किल्ली दिली आणि "जरा पुसून ठेव रे" एवढंच सांगितलं. चष्मेवाले गालाला फेस तसाच ठेवून बाहेर आले, तेव्हा नायलॉनच्या तारा कचऱ्याच्या डब्यात होत्या आणि गिटारवर सहा पोलादी तारा चमकत होत्या.

"हे काय करून ठेवलंस?"

"प्लॅस्टिकच्या होत्या हो भावोजी! बाई काय म्हणतील? या अस्सल स्टीलच्या आहेत, येतानाच घेऊन आलो. आणि आवळल्यात कशा बघा!"

"अरे गाढवा, हिला पोलादाचा ताण झेपत नाही! सोड त्या आधी!"

"सोडतो, सोडतो," म्हणत मेहुण्याने घाबरून खुंटी पिळली, ती उलटीकडे. डॉक्टरीणबाईंनी दारात पाऊल टाकलं आणि फाटकन आवाज झाला. तारा बांधायची लाकडी घोडी तारांसकट उखडली आणि सणसणत मेहुण्याच्या हनुवटीवर बसली.

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. "कुणी चढवल्या या तारा?"

"मी," हनुवटी चोळत मेहुणा म्हणाला. "सायकलवाला आहे ना, तारा आवळायचा हात आहे आपला."

"मग या, तुमच्या दाताला सायकलची चेन बसवून देते! माणूस आहात का कोण आहात?"

चष्मेवाल्यांना गार वाटलं. इतका खरा राग त्यांच्याशिवाय कुणालाच आला नव्हता. गिटार हिलाच द्यायची, त्यांचं ठरून गेलं. "बोला, अजून बोला त्याला!" ते हसत म्हणाले.

बाई गर्रकन वळल्या. "तुम्हाला हसू येतंय? गिटार तुमची ना? असल्या माणसाच्या हाती लागू दिलीच कशी? सांभाळायची अक्कल नाही, तर ठेवता कशाला घरात?"

"अहो, मी... मी आयुष्यभर हिला..."

"दिसतंय ना!" बाईंनी उखडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "नशीब, लाकूड सोललं नाही. चिकटवता येईल. ठरलेलीच किंमत देते. तिचा बिचारीचा काय दोष?"

त्यांनी पेटी खांद्याला लावली. चष्मेवाल्यांनी राग गिळून विचारलं, "दुरुस्त झाली, की एकदा ऐकायला येऊ का?"

बाईंनी त्यांना फेसासकट खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "विचार करून कळवते," त्या म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

"काय उर्मट बाई आहे!" चष्मेवाले ओरडले. "मला, मला म्हणते विचार करून कळवते!"

"मग बोलावू का परत?" बायकोने विचारलं.

"खबरदार! इतकं चांगलं घर पुन्हा मिळायचं नाही."