पंचवीस हजार व्होल्टची मोहरी

ज्या सोयीतून काही वाहायचे असते, ती सोय आधी नीट दिसली पाहिजे. वाहण्याचे पुढे बघता येते. आपल्या सार्वजनिक जीवनाचा सगळा डोलारा याच तत्त्वावर उभा आहे. नळ आधी येतो, पाणी मागाहून (किंवा टँकरने) येते. दिव्याचा खांब आधी उभा राहतो. पहिली काही वर्षे त्यावर कावळे बसतात, मग वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक लागतात, आणि उजेडाचा विषय पुढच्या सभेसाठी राखून ठेवला जातो. वसई-विरारच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच माणिकपूरच्या एका वाचनालयाच्या माडीवर तीन वर्षे खपून बावीस फूट लांबीची अशी विजेची तार उभारली गेली, जिच्यातून कधीही काहीही वाहणार नव्हते, तेव्हा कुणाला नवल वाटले नाही.

ही तार हरिभाऊ चुरी यांची. हरिभाऊ रेल्वेत होते. म्हणजे रुळावरून जाणाऱ्या तारेला जे सामान लागते त्याच्या भांडारात छत्तीस वर्षे कारकून होते. चिनी मातीचे तपकिरी इन्सुलेटर त्यांनी लाखांनी मोजून, सही घेऊन, खिडकीतून बाहेर दिले. त्यांतला एकही खांबावर चढताना त्यांनी पाहिला नाही (ते काम दुसऱ्या खात्याचे). निवृत्त झाल्यावर लोक बागेत लक्ष घालतात. घरच्या चिकूच्या बागेत त्यांचा धाकटा भाऊ आधीपासूनच लक्ष घालत असल्यामुळे हरिभाऊंनी कामण परिसर लघुरेल मंडळ स्थापन केले. मंडळाचे सभासद सात. पैकी दोघे काम करतात आणि पाच जण गणपूर्ती करतात.

कामणजवळून जाणारा रेल्वेमार्ग, बाजूची गोदामे, मागचा डोंगर, हे सगळे एकास एकशे साठ या प्रमाणात उभे करायचे ठरले. खेळण्यातली गाडी हा शब्द मंडळात उच्चारायचा नाही. रूळ मिळाला तो नऊ मिलिमीटर रुंदीचा. आपल्याकडच्या रुंदीच्या हिशेबाने तो साडेदहाचा हवा होता. ही चूक पहिल्याच सभेत ध्यानात आली आणि दुरुस्त होण्यासारखी नसल्याने एकमताने माफ करण्यात आली. गाडीला वीज मिळते ती रुळांतून, बारा व्होल्ट. इंजिन, बारा डबे, एक बटण. दाबले की गाडी सुटे, गोदामांना वळसा घालून परत येई. पहिले वर्षभर ती रोज धावली.

थोडक्यात, विद्युतीकरण होण्यापूर्वी गाडी विजेवर उत्तम धावत होती.

घरी हरिभाऊंनी हे कौतुकाने सांगितले तेव्हा सरलाताई म्हणाल्या, “मग दाखवा की मला एकदा.”

“आत्ता काय बघायचंय? वर तार नाही, काही नाही. बोडकी गाडी. तार पूर्ण होऊ दे, मग ये.”

सरलाताई थांबल्या. त्यांना इन्सुलेटरांबद्दल फार माहिती नव्हती, पण ती लवकरच झाली, कारण इन्सुलेटर त्यांच्या मिसळणाच्या डब्यातून गेले. मोहरीच्या दाण्याचा व्यास दीड मिलिमीटर. त्याला एकशे साठने गुणले की चोवीस सेंटिमीटर येतात, आणि खरा इन्सुलेटर जवळपास तेवढाच असतो. रंगही तोच, चकाकीही तीच. एकूण नऊशे चौदा दाणे तापल्या सुईने भोसकण्यात आले. तीनशे साठ टिकले. बाकीच्यांची फोडणी झाली.

“अहो, आमटी कडू लागतेय,” सरलाताई म्हणाल्या.

“जळके असतील त्यातले काही.”

“मग चांगले कुठेयत?”

“खांबावर,” हरिभाऊ म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात छत्तीस वर्षांत न आलेला अभिमान आला.

खांब छत्तीस. प्रत्येकाला क्रमांक. तार जुन्या पंख्याच्या मोटारीतली, केसाएवढी. एका ठिकाणी संक्रांतीचा पतंग अडकवलेला, शेपटीसकट. प्रत्येक खांबावर दोन मिलिमीटरची लाल पाटी, तिच्यावर कवटी आणि ‘पंचवीस हजार व्होल्ट, धोका’ असे तीन भाषांत. (प्रमाण पाळायचे तर पंचवीस हजारांनाही एकशे साठने भागायला हवे, असा मुद्दा एका गणपूर्ती सभासदाने काढला. उत्तर एकशे सव्वाछप्पन्न आले. तेवढ्याने कुणी घाबरणार नाही, म्हणून मूळ आकडा कायम झाला.) पाटी नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नसल्याने तिच्याशेजारी दोऱ्याने भिंग बांधले, आणि भिंग हाताळले जाऊ लागल्यावर ‘भिंगाला हात लावू नये’ अशी दुसरी पाटी लावली.

पाट्या ॲन्सेल्म लोपीस यांच्या. ॲन्सेल्म हे मंडळाचे दुसरे काम करणारे सभासद आणि रंगकामप्रमुख. जन्मभर त्यांनी दुकानांचे फलक रंगवले, सणावाराला गावातले क्रूस रंगवले. न सुकलेला रंग वासावरून सांगणारा हा माणूस.

असे सुरळीत चालले असता वाचनालयाच्या अध्यक्षा डेल्फिन टीचर यांचे पत्र आले. टीचर एकतीस वर्षे मुख्याध्यापिका होत्या आणि पत्रातही उभे राहायला लावत. पत्रात तीनच ओळी होत्या. माडीवरच्या खोलीसाठी झुंबाच्या वर्गाचा अर्ज आला आहे. मंडळ तीन वर्षांत नक्की काय चालवते ते लोकांना दिसलेले नाही. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता लोकांसमोर गाडी चालवून दाखवावी. न चालल्यास एक तारखेपासून खोली झुंबाला.

ज्या मंडळापुढे गाडी चालवण्याची अट आहे, ते मंडळ साहजिकच गाडी कशी दिसते याची काळजी करू लागते. तातडीची सभा झाली. विषय एकच: रूळ चकचकतात.

“आठवडाभर आहे हातात,” ॲन्सेल्म म्हणाले. “मी कामणला जाऊन बघून आलो, हरिभाऊ. रूळ गंजलेला असतो.”

“बाजूने ना?”

“बाजूने, वरून, सगळीकडून. हा बघा फोटो.”

फोटोतला रूळ खरोखर सगळीकडून गंजलेला होता. तो मार्गाच्या कडेला गवतात पडलेला, वापरातून काढलेला तुकडा होता हेही फोटोत दिसत होते. पण चालू रुळाजवळ जाणे गुन्हा आहे, आणि ॲन्सेल्म कायदा पाळणारे गृहस्थ. त्यामुळे नियमात बसणारा रूळ त्यांनी पाहिला आणि त्यावरून सर्व रुळांचा निष्कर्ष काढला. मोठमोठे अहवाल याहून वेगळ्या पद्धतीने होत नाहीत.

हरिभाऊंना एक शंका आली. रुळाचा माथा रंगवला तर वीज चाकात शिरणार कुठून? त्यांनी तोंडही उघडले. पण समोर इतका सुरेख, इतका खरा गंज होता, आणि छत्तीस खांबांखाली तो चकचकीत रूळ आता खोट्या दातासारखा दिसत होता. हरिभाऊ म्हणाले, “दोन हात मारा.”

शनिवारपर्यंत रंग वाळला. गाडी चालवून बघावी असे एकाने सुचवले. परंतु चाकांनी रंग खरवडला गेला असता, म्हणून चाचणी प्रदर्शनानंतर घेण्याचे ठरले.

रविवारी अकराला माडीवर एकसष्ट माणसे जमली. झुंबावाल्या बाई आपल्या चौघी विद्यार्थिनींसह आल्या होत्या. सरलाताई आल्या होत्या, ठेवणीतली हिरवी साडी नेसून, तीन वर्षांनी. डेल्फिन टीचर पुढच्या खुर्चीत, मनगटावरचे घड्याळ वर करून.

हरिभाऊंनी बटण दाबले. काही झाले नाही. त्यांनी ते पुन्हा दाबले, जरा प्रेमाने. इंजिन तारेखाली ढिम्म उभे. काय झाले ते त्यांना त्याच क्षणी कळले आणि इलाजही कळला. त्यांच्या खिशात खोडरबर होते. इंजिनापुढच्या हातभर रुळावरून ते घासले, माथा उघडा केला, की गाडी निदान सुटली असती. पण घासायचे म्हणजे लोकांसमोर गंज पुसायचा.

तेवढ्यात ॲन्सेल्मनी तोंडाशी हाताचा कर्णा करून फलाटावरच्या घोषणेचा सूर लावला. “तांत्रिक कारणामुळे गाडी काही मिनिटं उशिराने सुटेल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल मंडळ दिलगीर आहे.”

आणि खोली सैलावली. जी माणसे इतका वेळ अवघडून, पाहुण्यासारखी उभी होती, त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. एकाने घडी घातलेला पेपर काढला. दोघे मान लांब करून गाडी जिथून यायची त्या दिशेला बघू लागले (गाडी त्यांच्या समोरच उभी होती). उशिरा आलेल्याने विचारले, “गेली का?” आणि आधी आलेला अधिकाराने म्हणाला, “अजून कुठे!” झुंबाच्या विद्यार्थिनींनी पिशव्या खाली ठेवून डबे उघडले. कुणी तक्रार केली नाही. बटणाचे काय झाले, वीज आहे का, हे एकानेही विचारले नाही.

विचारले फक्त सरलाताईंनी, तेही हळूच. “अहो, चालत का नाही?”

“रंग आडवा येतोय.”

“मग पुसा ना.”

हरिभाऊंचा हात खिशात गेला. खोडरबर हाताला लागले. त्याच वेळी डेल्फिन टीचर उठल्या, भिंगाला हात न लावता वाकून त्यांनी पाटी वाचली, पतंग पाहिला, मग मागे वळून त्या एकसष्ट माणसांकडे बराच वेळ पाहिले.

“हरिभाऊ,” त्या म्हणाल्या, “मी पुष्कळ प्रदर्शनं पाहिली. पण इतकं हुबेहूब कुठेच नव्हतं. खोली ठेवा तुमच्याकडे.”

टाळ्या झाल्या. झुंबावाल्या बाईंनीही वाजवल्या. हरिभाऊंचा हात खिशातून रिकामा बाहेर आला. सरलाताईंनी तो पाहिला.

अभिप्राय वहीत एकसष्ट नोंदी झाल्या. अठ्ठावन्न जणांनी ‘अप्रतिम’ लिहिले. दोघांनी चुकून फक्त फोन नंबर लिहिला. एका नोंदीत ‘गाडी धावली नाही’ असे सही न करता लिहिलेले आढळले. अक्षर हरिभाऊंच्या ओळखीचे होते. ती सूचना समजून उपसमितीकडे पाठवण्यात आली. पुढे मंडळाने प्रवाशांचे चार दशांश इंची पुतळे मागवण्याचा ठरावही रद्द केला. तशी गरज उरली नव्हती.

दुपारी दीडला हरिभाऊ जेवायला बसले. सरलाताईंनी पाट मांडला. ताट ठेवले, डावीकडे मीठ, लिंबाची फोड, वाटी, पाण्याचा तांब्या, सगळे जिथल्या तिथे. भाताची मूद पडायची ती जागा नीट मोकळी ठेवली. आणि त्या समोर बसून पेपर वाचू लागल्या.

“भात?” हरिभाऊंनी विचारले.

“तांत्रिक कारणामुळे उशिरा येईल. दिलगीर आहे.”

हरिभाऊंनी ताटाकडे पाहिले. ताट खरोखर हुबेहूब होते. त्यांनी मांडी बदलली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे मान लांब करून ते बघत राहिले.

त्यांना हसण्याआधी एक नोंद तपासून घ्यावी. गाडी आता सुटेल, निदान शेवटी तरी सुटेल, म्हणून वाचक इथपर्यंत आले आहेत. ती सुटलेली नाही, आणि मध्ये कुणी उठूनही गेले नाही. मंडळाने उपस्थितांचा आकडा बासष्ट केला आहे. खांबांना हात लावू नये.