राजवाड्याच्या तांब्याच्या नळाचें वर्तमान

श्रीवरुणदेवतेस नमन करून, जें घडलें तें न वाढवितां लिहिलें जातें. शके सोळाशें एकूणनव्वद, सर्वजित् नाम संवत्सर, वैशाख वद्य तृतीया. ते समयीं राजवाड्यांतील वरचें टाकें रोज पहाटे भरावें आणि दोन प्रहरीं अर्धें रितें व्हावें ऐसें जाहलें, आणि टाक्यावर साळूबाई पाणकिणीची राखण होती, म्हणोन लोक बोलों लागले कीं बाई पाणी बाहेर विकते. महाराजांनीं आज्ञा केली, "चार दिवसांत उलगडा न जाहला तर बाईनें वेशीबाहेर जावें." मग इब्राहिम कारागीर बोलाविला. त्याजपाशीं एक कडें होतें. तें नळास बाहेरून कवळावें, नळ कापावा न लागे, आणि आंतून पाणी किती धांवतें तें कांटा सांगे. परंतु कारागीर बोलिला, "नळ तांब्याचा पाहिजे, तीन बोटें जाड, वीतभर सरळ. गंजलें लोखंड असेल तर माझें कडें खोटें बोलेल. आधीं नळ दाखवा."

हें ऐकोन नळांचे दरोगा गोंदजी वाकणकर टाक्यालगतच्या भिंतीपुढें येऊन उभे राहिले. कारण कीं नऊ वर्षांमागें युवराजांचे मुंजीची घाई होती आणि तांबें सरलें, तेव्हां भिंतीआडचा वीस हातांचा तुकडा त्यांनींच लोखंडाचा घातला, वर तांबडा रंग दिला, आणि दप्तरीं आपले हातें "सर्व तांबें" ऐसें लिहिलें. मग गोंदजी कारागिरास कधीं स्वयंपाकघराकडील नळ दाखवीत, कधीं बागेकडील, आणि म्हणत, "हा बारीक आहे, तो वांकडा आहे, उद्यां पाहूं." ऐसे तीन दिवस गेले. गोंदजी बसले कीं उठत, उठले कीं भिंतीस कान लावीत, आणि दाराशीं साळूबाई गांठोडें बांधीत बसली होती तिकडे पाहणें टाळीत.

चौथे दिवशीं महाराज स्वतां आले. कारागीर भिंतीपाशीं जाऊन बोलिला, "हाच राहिला," आणि थैलींतून लोहचुंबक काढिला. "तांब्यास हा चिकटत नाहीं, लोखंडास सोडीत नाहीं." तेव्हां गोंदजी पुढें जाहले आणि म्हणाले, "तो मजकडे द्या." आणि आपले हातें भिंतींतून डोकावणाऱ्या नळाचे टोंकास लाविला. चुंबक टक् करून बसला. गोंदजी बोलिले, "महाराज, हें लोखंड आहे. मीच घातलें, मीच खोटें लिहिलें. भिंत फोडावी." मग भिंत फोडविली, तों सांधा गंजोन फुटला होता आणि पाणी जुन्या मोरींत जात होतें, म्हणोन ओल कोणास दिसली नाहीं. महाराज वाकोन तो सांधा पाहूं लागले. नंतर म्हणाले, "दरोगेपण गेलें. नवा नळ तुम्हीच घाला, मजुरासारखा."

गोंदजी चिखलांत बसोन तांबें जोडीत असतां साळूबाई येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चार दिवस माझ्या पोटांत अन्न नाहीं. तुम्ही जेवत होतां?"

"जेवत होतों, बाई," गोंदजी म्हणाले. "उतरत नव्हतें."

बाई वळोन टाक्यावर गेली.

सारांश, नळ तांब्याचा जाहला, कडें त्यावर नीट बसलें, टाकें भरलेलें राहूं लागलें आणि साळूबाई आपले जागीं कायम राहिली. गोंदजींस तिनें क्षमा केली किंवा न केली, हें विचारण्याचा धीर त्यांस शेवटपर्यंत जाहला नाहीं.