भिंगारदिव्यांचा लाल टॅग

दानियल भिंगारदिव्यांनी स्वतःच्या लग्नात अंगठी नवरीच्या बोटात घालण्याआधी व्हर्नियर कॅलिपरने मोजली, असं नगरच्या एमआयडीसीत सांगतात. साफ खोटं आहे. मी हजर होतो. त्यांनी ती दोनदा मोजली.

आमच्या कारखान्यात ते क्वालिटी इन्स्पेक्टर. पार्टमध्ये केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी खोट दिसली की खिशातून तारेला ओवलेला लाल टॅग निघायचा. टॅगवर चार रकाने: वस्तू, दोष, कारण, जबाबदार. चौथ्या रकान्याला अख्खी कंपनी टरकून असे. एका फोरमनने त्या धास्तीने देव बदलला, नंतर खातं बदललं. टॅग दोन्हीकडे पोचला.

बरं, हा माणूस गेटबाहेर तरी सुधारावा. नाही. कुठेही व्हीलचेअरचा रॅम्प दिसला की भिंगारदिवे खिशातली बेअरिंगची गोळी त्यावर सोडत. गोळी सुसाट सुटली की टॅग कठड्याला. एका मंगल कार्यालयातली गोळी, मी शपथेवर सांगतो, मांडव ओलांडून जेवणाच्या पंगतीत गेली. "ह्यो रॅम्प न्हाई, घसरगुंडी हाय," भिंगारदिवे म्हणाले आणि अक्षता न टाकताच निघाले. नाताळच्या सकाळी त्यांनी चर्चच्या पायरीलाही टॅग बांधला. पाळकसाहेबांनी समजावून पाहिलं. "देवाचं घर हाय म्हणून चुकीला टॉलरन्स वाढत न्हाई." एकदा शिंगणापूरला दर्शनाला मी त्यांना सोबत नेलं. घरांना दारं नाहीत हे पाहून त्यांचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदा उजळला. "शाणं गाव हाय, साहेब. खुर्ची कुठं अडकायची न्हाई." मग नजर खाली गेली. उंबरा होता.

हे वेड रविवारी लागलेलं. गावाबाहेर अपंग मुलांची एक निवासी शाळा आहे. वीस वर्षं दर रविवारी हे तिथे खुर्च्या दुरुस्त करत. त्यापायी पुण्याची बढती नाकारली. "तिथं रविवारी काय करू? मॉल मोजू?" ती बढती मला मिळाली. वर्षभराने मी त्यांचा वरिष्ठ होऊन नगरला परत आलो. मी त्यांच्याच हाताखाली शिकलेलो, त्यामुळे तेव्हापासून ते मला साहेब म्हणत आणि अरेतुरे करत. इतका अपमान माझा शिव्यांनीही कधी झाला नाही.

मग कंपनीने शाळेला वीस व्हीलचेअर दिल्या. खरेदी माझ्या सहीने झाली. सगळ्या मोठ्या माणसांच्या मापाच्या. कर्जतकडची नऊ वर्षांची कोमल त्यातल्या एकीत बसवली, तर बैलगाडीत लिंबू ठेवल्यासारखी दिसली. देणगीच्या कार्यक्रमात भिंगारदिवे स्टेजवर चढले आणि वीसच्या वीस खुर्च्यांना टॅग बांधले. प्रमुख पाहुण्यांना वाटलं, शोभेच्या फिती आहेत. त्यांनी फोटो काढून घेतले. टॅगवर लिहिलं होतं: जबाबदार – खरेदी आणि फोटोग्राफर.

त्या खुर्च्या भिंगारदिव्यांनी एकेक करून कापल्या, मुलांच्या मापाने जोडल्या. कोमलची सर्वांत अवघड. तिची पाठ एका बाजूला वाकलेली, आधाराशिवाय बसता येत नव्हतं. सारखं झोपून छातीत कफ भरतो, थंडीच्या आत हिला बसती करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिच्या पाठीच्या मापाचा आधार घडवावा लागणार होता. माप घेताना ती विचारायची, "काका, वाढले का मी?"

"न्हाई. उगं फुशारकी मारू नको."

"मंग कालची भाकरी गेली कुठं?"

"त्याचा टॅग सैपाकाच्या मावशीला बांधू."

खुर्चीचं एका रविवारचं काम उरलं, आणि परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट आलं. मी दोन आठवडे सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द केल्या. भिंगारदिवे माझ्या केबिनमध्ये आले.

"साहेब, येता रविवार सोड मला."

"तुमच्याशिवाय ऑडिट पार पडणार नाही."

"त्यो पार्ट बघाया येतोय. पार्टला श्वास घ्यायचा नसतो."

"पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय, भिंगारदिवे?"

त्यांनी हातातलं व्हर्नियर खिशात ठेवलं आणि कामाला गेले.

ऑडिट असं पार पडलं की पाहुणा म्हणाला, एवढी निर्दोष तपासणी त्याने कुठे पाहिली नाही. मला शाल मिळाली. तिसऱ्या रविवारी भिंगारदिव्यांनी खुर्ची पुरी केली. कोमल आदल्या गुरुवारी न्यूमोनियाने गेली होती. त्यांना ते शाळेच्या फाटकात कळलं. तरी आत जाऊन त्यांनी शेवटच्या स्क्रूपर्यंत सगळं बसवलं, असं मावशी सांगत होत्या.

गेल्या महिन्यात कंपनीच्या नव्या देणगीच्या कार्यक्रमाला मी त्या शाळेत गेलो. भिंगारदिवे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका नव्या मुलाचं माप घेत होते. "हलू नको रे, तू काय पाव्हणा हायस का फोटोला?" माझ्याकडे त्यांची पाठ होती. कोपऱ्यात एक छोटी खुर्ची, पुसून लख्ख. हाताला लाल टॅग. मी वाकून वाचला.

वस्तू: कोमलची खुर्ची. दोष: नाही. कारण: पंधरा दिवस उशीर. जबाबदार: डी. भिंगारदिवे.

सत्तावीस वर्षांत या माणसाने चुकीचा भरलेला हा एकच टॅग.

पेन माझ्या खिशाला होतं. मी ते काढलंही. तेवढ्यात स्टेजवरून फोटोसाठी माझं नाव पुकारलं, आणि मी गेलो.